‘अ‍ॅबेट’ म्हणजे मदत की चिथावणी?

जुन्या हिंदी सिनेमातले न्यायाधीश ‘ताजीरात-ए-हिंद, दफा 302’ म्हणतात ना, ते 1860 च्या इंडियन पीनल कोडचं उर्दू नाव. 1837 नंतर उत्तर भारतातल्या बऱ्याच कचेऱ्यांमधून फारसी गेली आणि तिथे उर्दू आली, त्यामुळे हा कायदा उर्दूत आणणं भागच होतं. भाषांतर करणाऱ्यांत नजीर अहमद होते. पुढे 1869 मध्ये ‘मिरात-उल-उरूस’ ही कादंबरी लिहिणारे तेच. तुम्ही त्या काळातले उर्दू खटले वाचणार असाल, तर या कायद्यातलं एक इंग्रजी क्रियापद आधी नीट समजून घ्या: ‘अ‍ॅबेट’.

उर्दू कायद्यात त्यासाठी शब्द आहे ‘इआनत’. अरबी शब्द, अर्थ मदत. सहकार्याला ‘तआवुन’ आणि मदतनिसाला ‘मुआविन’ म्हणतात, ते याच धातूपासून आलेले. म्हणजे उर्दूतून शिकणाऱ्याच्या मनात ‘अ‍ॅबेट’चा पहिला अर्थ ‘मदत करणे’ असाच बसणार.

आता कलम 107 पाहा. तिथे ‘अ‍ॅबेट’ तीन प्रकारे होतं: एखाद्याला चिथावून, कटात सामील होऊन, किंवा जाणूनबुजून मदत करून. मदत तिसऱ्या क्रमांकावर आहे! शब्दाचं मूळही जुन्या फ्रेंचमध्ये, डिवचणे, अंगावर सोडणे या अर्थाचं. आपल्या मराठी कायद्याने नेमकी हीच बाजू उचलली आणि ‘अपप्रेरणा’ हा शब्द घेतला. वर्तमानपत्रात ‘आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा गुन्हा’ असं छापून येतं, तेही तिकडेच झुकणारं. एकच इंग्रजी क्रियापद, पण उर्दूवाल्याला त्यात हात दिसतो आणि मराठीवाल्याला जीभ. मला यातलं कुठलंच भाषांतर चुकीचं वाटत नाही. तीन अर्थांसाठी एक शब्द शोधायचा तर काहीतरी सुटणारच.

पण संशोधकाला हे महागात पडू शकतं. कलम 108 च्या स्पष्टीकरणात एक उदाहरण आहे: ‘अ’ने ‘ब’ला ‘क’चा खून करायला चिथावलं, ‘ब’ने नकार दिला, तरीही ‘अ’ दोषी. खून झालाच नाही, मग मदत कशाला केली? तुम्ही ‘इआनत’ दिसल्यावर टिपणात सरळ ‘मदत केली’ असं लिहिलंत, तर नुसतं बोललेला माणूस तुमच्या प्रबंधात प्रत्यक्ष हातभार लावणारा होतो, आणि न घडलेला गुन्हा घडल्यासारखा वाचला जातो. दीडशे वर्षांपूर्वीच्या आरोपीवर आपणच नवा आरोप ठेवायचा, असा प्रकार.

म्हणून ‘इआनत’ तशीच ठेवा आणि पुढची दोन वाक्यं वाचा: आरोपी काही बोलला, कटात होता, की काही पुरवलं? वापराचाही एक फरक आहे. कलम 107 च्या इंग्रजी वाक्यात ‘अ‍ॅबेट’चं कर्म माणूस नसून कृत्य आहे. आपण मात्र ‘त्याला प्रवृत्त केलं’ म्हणताना माणसाला कर्म करतो. टिपणात दोन्ही वेगळं लिहा: कुणाला, आणि कशासाठी.

भारतात 1 जुलै 2024 पासून ही व्याख्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 45 मध्ये गेली आहे. पाकिस्तानात 1860 चाच कायदा बदलांसह चालू आहे, आणि कलम 107 ची ‘इआनत’ही.