वाऱ्याला न विचारता बांधलेलं स्टेडियम

नवं स्टेडियम कुठे बांधावं, हा वाद आपल्या बे एरियात दर काही वर्षांनी निघतोच. पुढच्या वेळी निघाला, की तुम्ही कँडलस्टिकची गोष्ट जरूर आठवा.

१९५४ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या मतदारांनी स्टेडियमसाठी ५० लाख डॉलरचे रोखे मंजूर केले. गंमत म्हणजे तेव्हा शहराकडे मेजर लीगचा संघच नव्हता! १९५८ मध्ये न्यूयॉर्कहून जायंट्स आले आणि दोन हंगाम मिशन भागातल्या छोट्याशा सील्स स्टेडियममध्ये खेळले. पण तिथे गाड्या लावायला जागा नव्हती, आणि संघमालक होरेस स्टोनहॅम यांना भरपूर पार्किंग हवं होतं. दक्षिण टोकाला, खाडीकाठच्या कँडलस्टिक पॉइंटवर चार्ल्स हार्नी या कंत्राटदाराची जमीन होती. शहराने ती घेतली आणि बांधकामही हार्नींनाच दिलं. हीच जागा का, याचं निम्मं उत्तर इथेच मिळतं. प्रकरण ग्रँड ज्युरीपर्यंत गेलं, पण बांधकाम थांबलं नाही.

उरलेलं निम्मं उत्तर वाऱ्याने दिलं. सकाळी तिथे छान शांत असायचं. दुपारी मात्र समुद्रावरचा वारा शेजारच्या टेकडीला वळसा घालून मैदानात घुसायचा. एप्रिल १९६० मध्ये उद्घाटन झालं आणि दुसऱ्याच वर्षी ऑल-स्टार सामन्यात पिचर स्टू मिलर वाऱ्याने हलला, पंचांनी 'बॉक' दिला. प्रेक्षकांच्या खुर्च्यांखाली ऊब देणारे पाइप घातले होते, तेही चालेनात. मेल्विन बेली नावाच्या नामांकित वकिलाने पाय गारठले म्हणून सीझन तिकिटाच्या पैशांसाठी दावा ठोकला, आणि जिंकला! वाऱ्याचा रीतसर अभ्यास शहराने केला तो स्टेडियम उभं राहिल्यावर. आमच्या आयटीत याला आधी गो-लाइव्ह, मग टेस्टिंग म्हणतात.

जायंट्सनी तिथे ४० हंगाम काढले. नव्या स्टेडियमला सार्वजनिक पैसा द्यायला शहराने १९८७ आणि १९८९ मध्ये नकार दिला. पुढे सॅन होजेनेही. १९९६ चा प्रस्ताव मंजूर झाला, कारण बहुतेक खर्च संघ स्वतः करणार होता. आता जागा होती चायना बेसिन, कॅलट्रेनच्या स्टेशनापासून चालत जाण्याजोगी. या वेळी यूसी डेव्हिसच्या पवनबोगद्यात मॉडेल तपासून मैदानाचं तोंड ठरवलं. स्वतःचे पैसे गुंतले, की माणूस वाऱ्याची दिशाही विचारतो, असं माझ्यातला एमबीए म्हणतो. २००० पासून तुम्ही तिथे सामने बघताय, जॅकेट लागतं, पण उडून कोणी जात नाही.

आता जरा खाडीपलीकडे बघा. ओकलंडचं कोलिझियम १९६६ चं. बार्ट स्टेशनातून थेट पादचारी पूल, हायवे शेजारी, हवा बरी. जागा म्हणून मला तीच सर्वांत सोयीची वाटते. तरीही वॉरियर्स २०१९ मध्ये मिशन बेला गेले, रेडर्स २०२० मध्ये लास वेगासला आणि २०२४ चा हंगाम संपवून एजही निघाले. चायना बेसिनला स्वतःचे पैसे घालणाऱ्या मालकाने जागा नीट पारखली, हे खरं. पण स्वतःच्या पैशांनी बांधणारा मालक स्वतःच्या सोयीचं शहरही निवडतो. वॉरियर्स गेले ते तसेच, आणि ओकलंडच्या लोकांना कोणी मत विचारलं नाही.

कँडलस्टिक २०१५ मध्ये पाडलं. पादचारी पूल अजून आहे.