बंदीचा ढोल आणि सक्तीची हलगी

इ. स. १७३९ च्या सप्टेंबरात अमेरिकेतील दक्षिण कॅरोलिना या ब्रिटिश वसाहतीत स्टोनो नदीच्या काठी गुलामांनी बंड केले. ढोल वाजवीत, वाटेतली माणसे सामील करून घेत ते दक्षिणेकडे निघाले. बंड मोडून काढण्यात आले आणि पुढच्याच वर्षी, १७४० साली, जो कायदा झाला त्याने गुलामांना ढोल व शिंगे बाळगण्याची मनाई केली. ढोल ही केवळ करमणूक नसते, तो निरोप असतो, हे मालकाला पुरते कळले होते.

आपल्याकडे नेमके उलटे झाले. येथे वाजवण्यास बंदी नव्हती, सक्ती होती. मराठवाड्यातील गावगाड्यात हलगी मांगवाड्याकडे. लग्न असो, जत्रा असो, पोळा असो की मयत असो, बोलावणे आले की निघायचे. वाजवणारा मांडवाबाहेर. चामडे विटाळाचे, ते ताणून केलेले वाद्यही विटाळाचे; पण त्याच्या आवाजाशिवाय सवर्णाची वरात वेशीतून हलत नसे. तिकडे वाद्य हिसकावून घेऊन माणूस गुलाम ठेवला, इकडे तेच गळ्यात अडकवून.

हा फरक मला ग्रंथांनी दाखवला नाही, तबकड्यांनी दाखवला. गेली काही वर्षे मी कृष्णवर्णीयांच्या जॅझ संगीताच्या जुन्या लाँगप्ले तबकड्या जमवतो. त्यातही १९६० नंतरच्या, ज्यांना त्या काळी गोंगाट म्हटले गेले त्या. महाविद्यालयातील सहकारी याला प्राध्यापकाचा षोक म्हणतात. त्यांचे म्हणणे सगळेच खोटे नाही.

आपल्या चळवळीने काळ्या अमेरिकेकडून पुष्कळ घेतले. अमेरिकेत शिकून आलेल्या डॉ. म. ना. वानखेडे यांनी तेव्हाच्या औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात तिकडच्या साहित्याची चर्चा घडवली. लातूर उस्मानाबाद जिल्ह्यातच होते (ते वेगळे झाले १९८२ साली), त्या दिवसांत राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य जनार्दन वाघमारे निग्रो साहित्यावर मराठीत लिहीत होते. १९६६ साली ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर पक्ष निघाला. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. कविता आली, राजकारण आले, संघटनेचे नावही आले. संगीत तेवढे आले नाही. असे का व्हावे?

एक उत्तर सरळ आहे. मुंबईत जॅझ शिरले ते ताजमहाल हॉटेलच्या दारातून. १९३५ साली लिऑन अॅबी हा कृष्णवर्णीय वादक आपला ताफा घेऊन तेथे आला. पुढे टेडी वेदरफर्ड हा पियानोवादक त्याच हॉटेलात वाजवू लागला. त्याच्या हाताखाली गोव्याचे ख्रिस्ती वादक तयार झाले. मायदेशातील वर्णभेदाला विटलेल्या या माणसांना येथे मान मिळाला. ज्या वर्षी अॅबी मुंबईत उतरला त्याच वर्षी, १३ ऑक्टोबरला, येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. साहेबांच्या नाचघरात काळ्या कलावंताला टाळ्या पडत होत्या आणि याच देशातल्या अस्पृश्याला पाणवठा बंद होता. वेदरफर्ड १९४५ साली कलकत्त्यात पटकीने गेला. त्याच्या देशाची जात त्याला टळली, पण आमची जात त्याने पाहिली होती का?

सामान्य मराठी माणसाच्या कानी जॅझ पडले ते चित्रपटातून. पुणतांब्याचे सी. रामचंद्र आणि गोव्याचा ट्रंपेटवादक चिक चॉकलेट यांनी १९५१ च्या ‘अलबेला’मध्ये ते वाजवले. पण ज्याला नवे, अस्वस्थ जॅझ म्हणावे ते मूठभरांतच राहिले. फेब्रुवारी १९७८ मध्ये मुंबईच्या रंगभवनात पहिली ‘जॅझ यात्रा’ भरली, सॉनी रॉलिन्ससारखा मोठा सॅक्सोफोनवादक आला. त्याच वर्षी २७ जुलैला विधिमंडळात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या जळू लागल्या. या दोन तारखांचा परस्परांशी काही संबंध नाही. संबंध नाही, हेच मला सांगायचे आहे.

आता तबकड्यांकडे येतो. जॅझची पहिली तबकडी १९१७ साली निघाली ती पाच गोऱ्या वादकांची. निर्माते काळे, नोंद गोऱ्यांची, हे तेव्हापासूनचे. टेक्सासमधील गरीब घरातला ऑर्नेट कोलमन धातूचा सॅक्सोफोन परवडेना म्हणून प्लॅस्टिकचा घेऊन वाजवू लागला, लोक हसले. १९५९ साली न्यूयॉर्कमध्ये त्याने वाजवले तेव्हा कुणी क्रांती म्हटले, कुणी फसवणूक. डिसेंबर १९६० मध्ये त्याने ‘फ्री जॅझ’ ध्वनिमुद्रित केले. एका कानाशी चौघे, दुसऱ्या कानाशी चौघे, आठही जण एकाच वेळी, सुमारे सदतीस मिनिटे. ठरलेली स्वरांची चौकट नाही. पहिल्यांदा ऐकताना मला डोकेदुखी झाली. चौथ्या-पाचव्या वेळी लक्षात आले की कोणी कोणाच्या वर नाही, तरी प्रत्येकजण दुसऱ्याचे ऐकतो आहे. एक वाजवतो तेव्हा बाकीचे मागून त्याला चिथवतात, अडवतात, उचलून धरतात. उतरंड नसलेला समाज कानाने ऐकता येतो, तो असा.

१९६१ साली एका अमेरिकन समीक्षकाने जॉन कोलट्रेन आणि एरिक डॉल्फी यांच्या वादनाला ‘जॅझविरोधी’ ठरवले. आपल्या वाचकांना हा सूर नवा नाही. दलित साहित्य हे साहित्यच नव्हे, हा आक्रोश आहे, प्रचार आहे, असे आपल्यालाही ऐकवले गेले. ज्याच्या हाती मोजपट्टी त्याची व्याख्या. १९६३ साली बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह आला. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम शहरात काळ्यांच्या चर्चमध्ये गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांनी बॉम्ब उडवला, चार मुली मेल्या. दोन महिन्यांनी कोलट्रेनने ‘अलाबामा’ वाजवले. त्यात एकही शब्द नाही. ऐकताना खैरलांजी आठवते, आणि मी तबकडी उलटून ठेवतो.

या वादकांपैकी काहींना हेही कळले होते की नुसते वाजवून भागत नाही, तबकडीची मालकी हवी. चार्ल्स मिंगस आणि मॅक्स रोच यांनी १९५२ सालीच स्वतःची कंपनी काढली. शिकागोत १९६५ साली कृष्णवर्णीय वादकांनी स्वतःची संघटना बांधली. मैफली स्वतः भरवायच्या, पोरांना स्वतः शिकवायचे. आपल्या जलसाकारांना, भीमशाहिरांना ही सोय किती मिळाली? त्यांची गाणी लाखोंच्या ओठी गेली, पण ध्वनिफितींचा नफा बहुतेक दुसऱ्यांच्याच घरी गेला.

मीही एक संग्राहक आहे, हे येथे खटकते. पहिल्या आवृत्तीची तबकडी आज श्रीमंतांची चीज झाली आहे. चोरबाजारात घासाघीस करून आणलेली जुनी प्रत मी पुसून ठेवतो. आणि माझ्या घरात तीन पिढ्या वाजलेल्या हलगीचा एकही तुकडा कोठे नोंदलेला नाही. माझ्या चुलत्यांनी नामांतराच्या धामधुमीनंतर हलगी उतरवली. गावाने बोलावले, ते गेले नाहीत. दोन वर्षे त्यांना कोणी कामावर घेतले नाही. त्यांच्या या नकारापुढे माझे संगीतप्रेम मला बोलू देत नाही. आज जयंतीच्या मिरवणुकीत पोरे हौसेने हलगी वाजवतात, तेव्हा ते तोंड फिरवतात.

गेल्या दिवाळीत मी त्यांना ‘फ्री जॅझ’ ऐकवले. बिली हिगिन्स आणि एड ब्लॅकवेल, दोघे ढोलवाले, एकमेकांच्या अंगावर जाताहेत. चुलते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “ह्यांला वाजवा म्हणून कुणी सांगितलं व्हतं?”

“कुणीच नाही, काका.”

त्यांनी पुन्हा लावायला सांगितले. दुसऱ्या दिवशी शेजारच्या पोराची हलगी मागवली, जाळावर धरून तापवली, आणि मी मोबाईलवर नोंदवीत असताना एकेक चाल वाजवून दाखवली: वरातीची, पोळ्याची, कुस्तीची, देवीच्या पालखीची. नऊ झाल्या. तीन चालींची नावे त्यांना आठवली नाहीत. मयताची चाल मी विचारली. ती येते म्हणाले, आणि काड्या खाली ठेवल्या.