कोंडलेला वारा

आल्प्सच्या पोटातील फ्रेजुस बोगद्याचे काम १८५७ साली सुरू झाले. घण-पहारीने सुरुंगाची भोके पाडायची. काम मुंगीच्या पावलांनी सरके. वाफेचे यंत्र आत न्यावे, तर धुराने माणसे गुदमरायची. जर्मां सोमेये या अभियंत्याने डोंगरी पाण्याच्या जोरावर हवा दाबली, नळांतून आत नेली आणि १८६१ पासून तिच्यावर छिद्रयंत्रे चालविली. यंत्रातून सुटलेली तीच हवा मजुरांचा श्वास होई. पंचवीस वर्षांचे मानलेले काम चौदा वर्षांत पुरे झाले. १७ सप्टेंबर १८७१ रोजी बोगदा उघडला. सोमेये जुलैतच निवर्तले होते.

पुढे मुंबईची विलायती डाक याच बोगद्यातून ब्रिंडिसी बंदर गाठू लागली. ती पत्रे फोडताना त्या कोंडलेल्या वाऱ्याची आठवण कोणाला झाली असेल?