इंदूर पद्धतीचे कर्तृत्व

इंदूर येथील वनस्पती-उद्योग संस्थेत १९२४ ते १९३१ या काळात सिद्ध झालेली कंपोस्ट खताची पद्धती सामान्यतः सर आल्बर्ट हॉवर्ड यांच्या एकट्याच्या नावावर मांडली जाते. ही समजूत तपासून पाहणे अवश्य आहे.

या पद्धतीच्या मुळाशी एक जुनी अडचण होती. जळाऊ लाकडाच्या अभावी शेण शेताऐवजी चुलीत जाते, हे डॉ. व्होएल्कर यांनी १८९३ च्या अहवालात दाखविले होते. इंदूरच्या प्रयोगांनी त्यावर तोड काढली. थोडक्या शेणाच्या साहाय्याने पुष्कळ पालापाचोळा कुजवावयाचा. त्यात गोमूत्राने भिजलेली माती व आम्लता मारण्यासाठी राख मिसळावयाची. ओलावा राखून, हवा खेळावी म्हणून थर वेळोवेळी उलथावयाचे. सुमारे तीन महिन्यांत खत तयार होई. किंग यांच्या १९११ च्या ग्रंथातून कळलेल्या चिनी शेतकऱ्यांच्या अनुभवाचे ऋण हॉवर्ड यांनी स्वतःच मान्य केले आहे.

तथापि, पद्धतीचे सविस्तर विवेचन करणाऱ्या १९३१ च्या ग्रंथावर यशवंत वाड यांचेही नाव सहलेखक म्हणून आहे. हॉवर्ड यांचा १९४० चा सुप्रसिद्ध ग्रंथ मात्र त्यांच्या एकट्याच्या नावाने निघाला, आणि इंग्लंड-अमेरिकेतील सेंद्रिय बागकामाच्या चळवळीने त्यालाच प्रमाण मानले. परिणामी बागेच्या खड्ड्यापर्यंत इंदूरचे नाव पोहोचले. वाडांचे मागे राहिले. शोधाचा इतिहास केवळ अखेरच्या ग्रंथावरून लिहिला, तर असा अन्याय अटळ ठरतो.