एकाच घराण्याची दोन औषधं

चिठ्ठीवर नुसतं 'एझेडटी' लिहू नये, असा औषध-सुरक्षिततेचा जुना दंडक आहे. घाईत वाचणारा झिडोव्हुडिनऐवजी अझाथायोप्रिन काढून देऊ शकतो. छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीवरच्या एका मेडिकलमधल्या काकांनी हे सांगितलं आणि मी चमकलोच. झिडोव्हुडिन (म्हणजेच एझेडटी) हे एचआयव्हीवरचं पहिलं औषध, ढासळती प्रतिकारशक्ती सावरणारं. अझाथायोप्रिन किडनी बदललेल्यांचं, प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून धरणारं. म्हणजे अदलाबदल झाली तर आगीतून फुफाट्यात! पण घरी येऊन वाचत बसलो तर कळलं, ही दोन्ही औषधं बाजारात आणली एकाच कंपनीनं, बरोज वेलकमनं.

आधी अझाथायोप्रिन. न्यूयॉर्कजवळ टकाहोला जॉर्ज हिचिंग्ज आणि गर्ट्रूड एलियन पेशींना फसवणारी रसायनं घडवत होते. नवा डीएनए बांधताना पेशीनं खरी समजून भलतीच वीट उचलावी आणि बांधकाम अडावं, अशी कल्पना. त्यातून रक्ताच्या कर्करोगावरचं 6-मर्कॅप्टोप्युरिन आलं. 1959 मध्ये बोस्टनच्या श्वार्ट्झ आणि डेमशेक यांना दिसलं, की हे औषध दिलेल्या सशांत प्रतिपिंडंच बनत नाहीत. ब्रिटिश सर्जन रॉय कॅल्न यांनी ते लगेच किडनी बसवलेल्या कुत्र्यांवर वापरलं. अमेरिकेला गेल्यावर टकाहोतून आणखी रसायनं मागून घेतली. त्यातलं 'बीडब्ल्यू 57-322' म्हणजेच अझाथायोप्रिन. 1962 मध्ये जोसेफ मरे यांनी त्याच्या जोरावर नात्याबाहेरची किडनी टिकवून दाखवली.

आता भांडण. एझेडटी कुणाचं? एलियनबाईंचं, असं अनेक ठिकाणी छापलेलं सापडतं. ते खरं नाही. रेणू घडवला डेट्रॉइटच्या जेरोम हॉर्विट्झ यांनी, 1964 मध्ये, तोही कर्करोगासाठी. उंदरांवर उपयोग होईना, म्हणून त्यांनी तो सोडून दिला, पेटंटही घेतलं नाही. वीस वर्षांनी बरोज वेलकममध्ये जॅनेट राइडआउट यांनी तो निवडला. एचआयव्हीवर चालतो हे 1985 मध्ये अमेरिकी सरकारच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत मित्सुया आणि ब्रोडर यांनी दाखवलं. 1987 मध्ये परवाना मिळाला आणि श्रेय कंपनी घेऊ लागली, तेव्हा सरकारी शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहून तिला फटकारलं. बरंच केलं.

मग माझं 'एक घराणं' कोलमडलं? मला नाही वाटत. थायमिडिन या डीएनएच्या विटेच्या एका टोकाला अझाइड गट बसवला, की डीएनएची साखळी पुढे जातच नाही. ही फसवणूक टकाहोच्याच जातकुळीची. त्या काळी कर्करोगावर काम करणाऱ्या हॉर्विट्झ यांच्यापर्यंत टकाहोचा वारा पोचला नसेल, हे मला पटत नाही. पुरावा मागाल तर हात वर. तर्क मात्र सोडणार नाही.

उलट दिशेचा प्रयोगही झाला. 1985 मध्ये पॅरिसच्या डॉक्टरांनी सायक्लोस्पोरिन, म्हणजे किडनीवाल्यांचं औषध, एड्सच्या रुग्णांना देऊन पत्रकार परिषद घेतली. तो फुगा लवकरच फुटला.

1996 च्या तिहेरी उपचारांनी चित्र पालटलं. युसूफ हमीद यांच्या सिप्ला या भारतीय औषध कंपनीनं 2001 मध्ये वर्षाचा खर्च 350 डॉलरवर आणला, आणि 1 एप्रिल 2004 पासून भारत सरकार मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरचे उपचार, देऊ लागलं. माणसं जगू लागली, तशी त्यांच्या किडनीची दुखणीही समोर आली. 2008 मध्ये केपटाउनच्या ग्रूट शूर रुग्णालयात एल्मी म्युलर यांनी एचआयव्हीबाधित मृत दात्यांच्या किडन्या एचआयव्हीबाधितांनाच बसवल्या. 2010 मध्ये पीटर स्टॉक यांच्या अमेरिकी अभ्यासात किडनी बसवलेल्या 150 एचआयव्हीबाधितांपैकी सुमारे 95 टक्के वर्षानंतर हयात होते. रिजेक्शन, म्हणजे शरीरानं नवी किडनी नाकारणं, मात्र पहिल्याच वर्षी 31 टक्क्यांत.

एका शरीरात नांदताना ही दोन्हीकडची औषधं भांडतातही. किडनीवाल्यांचं मायकोफेनोलेट प्रयोगशाळेत झिडोव्हुडिनचा जोर कमी करतं, एचआयव्हीवरच्याच अबॅकव्हिरचा वाढवतं. एचआयव्हीवरचं रिटोनाव्हिर औषधांची यकृतातली विल्हेवाट अडवतं, त्यामुळे किडनीवाल्यांचं टॅक्रोलिमस रक्तात साठत जातं. त्याचा रोजचा डोस मग आठवड्यावर जातो. एफाव्हिरेन्झ हे एचआयव्हीवरचं दुसरं औषध नेमकं उलट करतं.

म्हणून आज सरकारी एआरटीत मिळणारं डोल्युटेग्रॅव्हिर किडनीवाल्यांना सोयीचं, टॅक्रोलिमसच्या वाटेला ते जात नाही. गुलमंडीहून रिक्षानं थोड्या अंतरावर असलेल्या घाटी या सरकारी रुग्णालयाच्या एआरटी सेंटरमध्येही मुख्य गोळी आता त्याचीच. त्याची एक खोड तेवढी आहे : किडनीला धक्का न लावता रिपोर्टातलं क्रिएटिनिन ते थोडं वाढवतं, आणि नवी किडनी बसवलेल्या माणसाचा तो आकडा पाहून डॉक्टरांना आधी रिजेक्शनचीच शंका येते.