मानकऱ्यांची यात्रा : सोलापूरच्या गड्ड्याची वाटचाल

जानेवारी उजाडला की सोलापुरात संक्रांतीआधी गड्ड्याचे वेध लागतात. ग्रामदैवत सिद्धेश्वरांच्या या यात्रेची परंपरा सुमारे नऊशे वर्षांची मानली जाते. राजवटी आल्या नि गेल्या, गिरण्या उभ्या राहिल्या नि बंद पडल्या, पण यात्रेचा क्रम चालू राहिला. तो कोणी आणि कसा चालू ठेवला, हे समजून घेण्यासारखे आहे.

यात्रेचे मूळ बाराव्या शतकात आहे. सोन्नलिगे, म्हणजे आजचे सोलापूर, या तेव्हाच्या छोट्या गावचे सिद्धराम श्रीशैलच्या मल्लिकार्जुनाचे निस्सीम भक्त. बसवेश्वर आणि अल्लमप्रभू यांचे ते समकालीन होते. त्यांनी कन्नडमध्ये वचने रचली आणि गावासाठी तलाव खोदवला. गावाभोवती अडुसष्ट लिंगे स्थापन केली, असे परंपरा सांगते. पुढे राघवांक या कन्नड कवीने त्यांचे चरित्र काव्यात बांधले. त्याच तलावाकाठी भुईकोट किल्ला उभा आहे आणि पाण्याने वेढलेल्या मंदिरात सिद्धरामांची समाधी आहे.

यात्रेचा गाभा आहे एक लग्न. एका कुंभारकन्येने सिद्धरामांशी विवाहाची इच्छा धरली. योगी असलेल्या सिद्धरामांनी स्वतःऐवजी आपल्या योगदंडाशी विवाह करण्यास संमती दिली, अशी आख्यायिका आहे. हा विवाह दरवर्षी नव्याने लागतो. योगदंडाचे प्रतीक असलेले सात उंच नंदीध्वज उत्तर कसब्यातल्या हिरेहब्बू वाड्यातून वाजतगाजत निघतात. पहिल्या दिवशी अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो, यालाच यण्णीमज्जन म्हणतात. दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर सुगडी पूजन आणि संमती वाचन होते, मग अक्षता पडतात. तिसऱ्या दिवशी होम मैदानावर होमविधी असतो. बाजरीच्या पेंढीला शालू नेसवून कुंभारकन्येचे प्रतीक सजवतात आणि तिला अग्नी दिला जातो. त्याच रात्री दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासराच्या हालचालींवरून पाऊसपाण्याची भाकणूक सांगितली जाते. मग शोभेचे दारूकाम, आणि अखेरीस कप्पडकळीने, म्हणजे वस्त्रविसर्जनाने, सांगता.

या यात्रेचा कारभार एका हातात कधीच एकवटला नाही. मंदिराची व्यवस्था देवस्थान पंचकमिटी पाहते, पण विधींचे मान वाटलेले आहेत. मुख्य पूजाविधी हिरेहब्बू घराण्याकडे, भाकणुकीचे वासरू देशमुखांचे, सुगडी कुंभारांची. नंदीध्वजांचे मान देशमुख, माळी, विश्वब्राह्मण, मातंग अशा वेगवेगळ्या घराण्यांत आणि समाजांत विभागलेले आहेत. एकाने जरी आपला वाटा सोडला तरी विधी अडेल, अशी ही रचना आहे. मान म्हणजे इथे अधिकार नव्हे, जबाबदारी. पांढरी बाराबंदी घालून नंदीध्वज पेलणारा तरुण काही एका दिवसात तयार होत नाही. थंडीच्या रात्री आठवडे न् आठवडे सराव चालतो, जुने हात नव्या हातांना तोल शिकवतात.

शहर वाढत गेले तशी यात्राही सर्वांची झाली. 1877 च्या सुमारास पहिली गिरणी सुरू झाली आणि मराठी, कन्नड, तेलुगू बोलणारी कष्टकरी कुटुंबे इथे रुजली. गड्ड्यातले पाळणे, दुकाने आणि खाऊ ही साऱ्यांची हक्काची मौज ठरली. ‘हर्र बोला हर्र’चा गजर करताना मातृभाषा कुणी विचारत नाही.

यात्रेने शहराचे दुःखही पाहिले. स्वातंत्र्यलढ्यात मे 1930 मध्ये सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला. त्या वेळच्या खटल्यात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना 12 जानेवारी 1931 रोजी, म्हणजे ऐन यात्रेच्या तोंडावर, येरवड्यात फाशी झाली. म्हणून आजही सोलापूरकर आधी हुतात्म्यांना वंदन करतात आणि मग यात्रेकडे वळतात. 2021 मध्ये करोनामुळे गड्डा भरला नाही, पण मोजक्या मानकऱ्यांनी विधी मात्र पार पाडले. पाळणे आणि दुकाने नसली तरी यात्रा होऊ शकते, मानकरी नसतील तर होऊ शकत नाही, हे त्या वर्षी साऱ्या शहराने अनुभवले.

पुढच्या वाटचालीसाठी दोन कामे तातडीची वाटतात. एक, वयोवृद्ध मानकऱ्यांकडून प्रत्येक विधीची तपशीलवार नोंद करून ठेवणे. दुसरे तलावाचे. सिद्धरामांनी गावाला आधी पाणी दिले, उत्सव नंतर आला. नंदीध्वजाला, सुगडीला, वासराला ठरलेले मानकरी आहेत. तलाव स्वच्छ राखण्याचा मान मात्र कुणा एका घराण्याकडे नाही, तो आपणा सर्वांकडे येतो. महानगरपालिका, देवस्थान आणि प्रत्येक सोलापूरकराने तो मान विधीइतक्याच निष्ठेने स्वीकारला, तर सिद्धरामांच्या कार्याला आपण खऱ्या अर्थाने जागलो असे म्हणता येईल.