खानदेशातली रक्तपिती: गावाने हाकललं कोणाला, रोग पसरवला कोणी

मुंबई इलाख्यात रक्तपितीचे, म्हणजे कुष्ठरोगाचे, रोगी किती, याची जिल्हावार मोजदाद सरकारने १८६७ ते १८७१ या काळात केली. तेव्हा जळगाव, धुळे, नंदुरबार वेगळे नव्हते. सगळा मिळून एकच खानदेश जिल्हा. इलाख्याचे ते आकडे हेन्री व्हँडाइक कार्टर या डॉक्टरने १८७२ साली अहवालात मांडले. ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ या शरीररचनेवरच्या पुस्तकातली चित्रं याच माणसाच्या हातची. पुढच्या वर्षी तो नॉर्वेला गेला. तिथल्या हान्सेन या डॉक्टरला रोग्यांच्या गाठींमध्ये या रोगाचा जिवाणू दिसला, तो त्याच १८७३ साली. रोग संसर्गाचा आहे, रोग्यांना वेगळं ठेवावं, हे मत कार्टरने हिंदुस्थानात नेटाने मांडलं. १८९८ च्या कायद्याने निराधार रोग्यांना पकडून आश्रमात ठेवायची मुभा दिली. तो कायदा रद्द व्हायला २०१६ उजाडलं.

गावं कायद्यासाठी थांबली नव्हती. बोटं वाकली, तळपायाची जखम भरेना, की माणूस गावकुसाबाहेर. पण खरा संसर्ग बहुतेक वेळा त्याच्याकडून होतच नव्हता.

हे कळायला जपानच्या केन्सुके मित्सुदाची चाचणी उपयोगी पडली. मेलेल्या जिवाणूंचा अर्क त्याने रोग्यांच्या कातडीत टोचला. एक-दोन बधिर चट्टे असलेल्यांना तीन-चार आठवड्यांत तिथे गाठ आली. अंगभर गाठी, कानाच्या पाळ्या जाड झालेल्यांच्या कातडीवर काहीच उमटलं नाही. त्यांच्या टी पेशींनी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींनी, या जिवाणूपुरती हत्यारं खाली ठेवली होती. क्षयासारख्या इतर रोगांशी त्याच पेशी लढत होत्या, हे विशेष.

जिवाणू हे साधतो कसं? ज्या भक्षक पेशींनी त्याला गिळून मारायचं, त्यांच्याच पोटात तो बिऱ्हाड करतो. त्याच्या वेष्टणातला एक मेदयुक्त पदार्थ टी पेशींची वाढ रोखतो, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. बाधित जागी इंटरल्युकिन-१० हे शमवणारं रसायन वाढतं. मग जिवाणू मोकाट वाढतात, नाकातून बाहेर पडतात; आणि रोगी मात्र बरीच वर्षं धडधाकट दिसतो. उलट ज्याच्या टी पेशी त्वेषाने लढतात, त्याच्या अंगात जिवाणू थोडे, पण त्या लढाईत त्याच्याच नसा होरपळतात आणि बोटं लवकर वाकतात. गावाने शिक्षा दिली ती अनेकदा या लढणाऱ्याला. सुमारे ९५ टक्के लोकांना तर हा रोग होतच नाही.

आज कुष्ठरोग शोधमोहिमेत आशाताई बायकांना आणि पुरुष स्वयंसेवक पुरुषांना दिवसाउजेडी तपासतात. फिकट चट्टा दिसला की डोळे मिटायला सांगून पेनाचं टोक हलकेच टेकवायचं आणि कुठे लागलं ते बोटाने दाखवायला सांगायचं. बोट चुकलं, की संशयित म्हणून नोंद. औषधाची पाकिटं मोफत मिळतात, सहा किंवा बारा महिन्यांची.

उपचार सुरू झाल्यावर काहींच्या निजलेल्या टी पेशी जाग्या होतात. चट्टे लालभडक होतात, नसा ठणकतात. कर्मचारी त्याला ‘रिअ‍ॅक्शन’ म्हणतात. रोग्याला वाटतं औषध बाधलं, आणि तो पाकीट फेकून देतो. अशा वेळी गोळ्या चालू ठेवून वर प्रेडनिसोलोन हे सूज उतरवणारं औषध द्यावं लागतं, तेही नस कायमची बधिर होण्याआधी. सातपुड्यातल्या पाड्यावरून दवाखाना गाठेपर्यंत गेलेला प्रत्येक दिवस म्हणूनच महाग पडतो.